आईच्या उपचारासाठी

बान नोंग वाएंग, यासोथोन
६ मार्च

प्रिय खियात,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, तर आता सलग वाच. घाईने शेवटचं पान उलटू नकोस. आईची बातमी आहे आणि ती मी सांगणारच आहे. पण तिच्याआधीचं आधी सांगितलं नाही, तर मला ते पुन्हा कधी जमायचं नाही. तुझा जुना फोन लागत नाही, म्हणून तुझ्या मनीऑर्डरच्या पावतीवरून पत्ता उतरवून घेतला. रायोंग बंदरामागचा बर्फाचा कारखाना. तू लोखंडी आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढतोस असं पलीकडच्या गावचा एकजण सांगत आला होता. आई त्याला म्हणाली, "थंडीचा त्रास आहे रे त्याला, लहानपणापासून." बाकी काही विचारलं नाही तिने. खियात म्हणून तुला हाक मारून तेवीस वर्षं होत आली. एकोणीस वर्षं तू भिक्षूच्या चीवरात होतास, तेव्हा तुला भंते म्हणायचं आणि गुडघे टेकून बोलायचं. नंतर हाक मारायला तू समोर नव्हतास. दिवसभर भाताच्या खाचरात बसून राहणाऱ्या पोराचं नाव आईनेच खियात, म्हणजे बेडूक, ठेवलं होतं. ते नाव आज पुन्हा लिहिताना मला बरं वाटतंय आणि लाजही वाटते आहे.

गावात म्हणावं तसं नवीन काही नाही. विहाराच्या छपरावर हिरवी-लाल कौलं बसली. थोरले भंते चौऱ्याऐंशीचे झाले, कमरेत वाकले आहेत, तरी सकाळी भिक्षेला स्वतः निघतात, फक्त आता तळ्यापर्यंतच. पैतून मास्तर अजूनही विहाराचे कारभारी आहेत आणि अजूनही प्रत्येक नोट दोनदा मोजतात. गेल्या वर्षी एका तरुण भंतेंनी दानपेटीवर मोबाइलने पैसे भरायचा काळा-पांढरा चौकोन चिकटवला. मास्तरांना तो मुळीच पटलेला नाही. "दान टाकल्याचा आवाज तरी यायला नको का?" म्हणतात. त्या भंतेंना परवा यासोथोनला एका श्रीमंताच्या घरी पाठाला बोलावलं होतं. परत आले ते खांद्यावरच्या पिशवीत पाकिटं घेऊन, आणि बसस्टँडवर सगळ्यांसमोर ती उघडून बघत होते. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र तू आठवलास.

तुझ्या पुढ्यात कुणी पाकीट ठेवलं की तू त्याला बोटही लावायचा नाहीस. ते मास्तरांकडे जायचं आणि तुझ्या हातात यायची ती छापील चिठ्ठी: एवढ्या रकमेच्या गरजेच्या वस्तू कारभाऱ्यांकडे ठेवल्या आहेत, लागेल तेव्हा मागाव्यात. तू त्या चिठ्ठ्या पाठाच्या पुस्तकात खुणेला घालायचास आणि विसरून जायचास. आई केवढी वैतागायची! बुआला मावशीच्या भंते झालेल्या मुलाने तिला फ्रीज आणून दिला, पाण्याची टाकी बसवून दिली. आई येता-जाता ऐकवायची, "हिच्या लेकाने फ्रीज दिला, माझ्या लेकाने पुस्तकात कागद साठवले. भाजी होते का गं त्या कागदांची?" पण बाहेरच्या कुणी तुझ्याबद्दल असं बोललं की हीच बाई कंबर कसून उभी राहायची. "माझा पोरगा पैशाला शिवत नाही," हे वाक्य तिने या गावात किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. माझ्या सासरीही ऐकवलं होतं, कारण नसताना.

तुला आठवत असेल, एका वर्षी पावसाळ्याच्या वर्षावासात तू प्रवचनात सांगितलं होतंस की भिक्षूने नातेवाइकांवर दान उधळू नये, पण आई आणि वडील याला अपवाद. त्यांच्यासाठी भिक्षू आपल्या पात्रातलं अन्न देऊ शकतो, औषध मागू शकतो. मी पुढच्याच रांगेत बसले होते. मी हळूच विचारलं, "आणि बहीण?" सगळ्या बायका हसल्या. तूही हसलास आणि म्हणालास, "बहिणीने नवऱ्याकडे मागावं." माझा नवरा तेव्हा नुकताच दुसरीकडे राहायला गेला होता, ते तुला माहीत नव्हतं. मला राग आला नाही. फक्त एवढं डोक्यात राहिलं की आईसाठी चालतं.

आता बँकॉकचं. मी त्या शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावत होते, तेव्हा मास्तरांनी मला चीवरदानाची पाकिटं पाठवली. विहाराच्या छपरासाठी. साडेतीनशे पाकिटं, आणि प्रत्येकावर छापलेलं: सोहळ्याच्या अध्यक्षा, श्रीमती लामदुअन. मी आठवी नापास बाई रे. माझं नाव छापलेलं त्याआधी फक्त रेशनच्या कागदावर पाहिलं होतं. मी ते पाकीट खोलीतल्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. कारखान्यातल्या बायका मला "काय अध्यक्षीणबाई" म्हणून चिडवायच्या आणि मी वरवर रागवायची. पण खरं सांगते, मला ते आवडायचं. तीनेक आठवड्यांत मी पाकिटं वाटली. कुणी वीस घातले, कुणी शंभर. सफाईवाल्या एका म्हातारीने पाकिटात पाच-पाचची नाणी घातली आणि वर नाव लिहायला मला सांगितलं, पुण्य तिच्या मेलेल्या लेकीला पोचावं म्हणून. सगळे मिळून बासष्ट हजार बाथ जमले. ते पैसे मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते.

डब्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. आणि मग खोलीचं भाडं थकलं. पगाराला चार दिवस होते, मी पाचशे काढले आणि चिठ्ठी टाकली, 'पाचशे परत टाकायचे.' पुढच्या महिन्यात पोरीची फी. मग तिचा दात. मग कारखान्याने आमच्या ओळीच्या सगळ्या बायकांना घरी बसवलं आणि दोन महिने मला काम मिळालं नाही. चिठ्ठ्या टाकायचं मी कधी बंद केलं ते आठवत नाही. मी जुगार खेळले नाही, सोनं घेतलं नाही. मी ते पैसे खाल्ले, खियात. नूडल्स खाल्ले, भाडं भरलं, पोरीला गणवेश घेतला. सोहळ्याला सतरा दिवस उरले तेव्हा डब्यात बारा हजार होते. मास्तरांचा फोन आला, "लामदुअन, गावात मांडव घालतोय, लाउडस्पीकरवर तुझंच नाव पहिलं घेणार आहोत!" मी म्हणाले, "हो मास्तर, घ्या ना." आणि फोन ठेवून डब्यातल्या नोटा पुन्हा मोजायला बसले.

मी गावात कुणालाही न सांगता आले, ते तुला माहीत आहे. पहाटेच्या बसने उतरले, आपल्या घरावरून न जाता बांधाने थेट विहारात. तू झाडलोट करत होतास. मी तुला सांगितलं की आईच्या हृदयाची झडप खराब आहे, खोनकेनच्या डॉक्टरांनी गुपचूप मला सांगितलंय, सरकारी दवाखान्यात आठ महिन्यांनी नंबर आहे आणि तेवढा वेळ नाही. पन्नास हजार लागतील. आईला कळलं तर ती घाबरूनच मरेल, मास्तरांना कळलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल, म्हणून माझं नाव काढायचं नाही. सगळं मी बसमध्ये घोकून आले होते. तू दोनच गोष्टी विचारल्यास. "तिला धाप लागते का?" मी हो म्हणाले. "तू जेवलीस का?" याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

तू पुस्तक उघडलंस, खुणेच्या चिठ्ठ्या गोळा केल्यास आणि मास्तरांकडे गेलास. 'आईच्या उपचारासाठी' एवढंच सांगितलंस. मास्तर म्हणाले म्हणे, "मी स्वतः दवाखान्यात भरतो." पण तुला माझं नाव सांगायचं नव्हतं, म्हणून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू नोटांचा लखोटा आपल्या हातात घेतलास. मी बोधिवृक्षाच्या पारावर बसले होते. तू लखोटा माझ्यापासून हातभर अंतरावर फळीवर ठेवलास आणि मी उचलला. एरवी आम्ही बायका तुमच्यापुढे कापडावर दान ठेवतो आणि तुम्ही ते उचलता. त्या दिवशी उलटं झालं. मग तू हात चीवराला पुसत राहिलास. मला वाटलं आईच्या काळजीने घाम आलाय. तो पैशाला शिवल्यामुळे पुसत होतास हे मला फार उशिरा कळलं.

आणि आता तुला जे माहीत नाही ते. त्या पैशांचं मी काय केलं हे तू मला कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल मी कर्ज फेडलं, किंवा एखाद्या पुरुषाला दिले. खियात, मी ते विहारालाच दिले. यासोथोनच्या बँकेत जाऊन हजाराच्या नोटा मोडल्या, विसाच्या हिरव्या आणि शंभराच्या लाल घेतल्या, दानाचं नोटांचं झाड दाट दिसावं म्हणून. केळीच्या खुंटात बांबूच्या काड्या खोचल्या, प्रत्येक काडीला नोट लावली. ते झाड डोक्यावर धरून मी ढोलाच्या मागे गावभर नाचत आले. आई माझ्यापुढे नाचत होती, चांगली ठणठणीत. तू वर आसनावर बसला होतास. तू तिच्याकडे बघत होतास आणि ती नाचते आहे म्हणून तुझा जीव वरखाली होत होता, ते मला दिसत होतं. झाड तुझ्यापुढे ठेवलं. तू झाडाला बांधलेल्या चीवराला हात लावून ते स्वीकारलंस आणि माझ्यासाठी आशीर्वादाचा पाठ म्हटलास, मोठ्या आवाजात, डोळे मिटून. मी पुण्य वाटायचं पाणी वाटीत सोडत होते. तुझेच पैसे होते ते. तूच त्यांच्यावर पाठ म्हटलास, आणि पुण्य माझ्या नावाने लाउडस्पीकरवर गेलं. जाता-जाता तू हळूच विचारलंस, "तारीख?" मी म्हणाले, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात म्हणाले, अजून पुढे गेली. सोहळ्यानंतर मी गावातच राहिले आणि वर्षावास संपेपर्यंत हेच सांगत राहिले, आणि तू पौर्णिमा-अमावास्येच्या उपोसथाला तिच्यासाठी वेगळा पाठ म्हणत राहिलास.

वर्षावास समाप्तीच्या सभेचं तुला काय सांगायचं! पण मी कुठे बसले होते ते तुला सांगायला हवं. तिसऱ्या खांबाशी, आईला खेटून. मास्तर चष्मा लावून वर्षाचा हिशेब वाचत होते, सगळे डुलक्या घेत होते, आणि ते म्हणाले, "आईच्या उपचारासाठी, भंतेंनी स्वहस्ते घेतले, पन्नास हजार." आई म्हणाली, "कुणाच्या आईच्या?" मास्तर म्हणाले, "तुमच्याच की, मावशी." आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" सगळं सभागृह हसलं. आईही हसली. मग हसणं एकेकाचं थांबत गेलं. थोरल्या भंतेंनी तुला विचारलं, पैसे घेतलेत का. तू म्हणालास, "घेतले. माझ्या हाताने घेतले." कुणाला दिलेत? तू गप्प. त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू खाली चटईकडे बघत राहिलास. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी उठले असते असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मी उठले नसते. मी आईचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की याने नाव घेऊ नये. मागून कुणीतरी म्हणालं, "शहरात बाई ठेवली असेल." आईने माझ्या हातातून हात काढून घेतला आणि तोंडावर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चीवर उतरवलंस आणि मास्तरांच्या जुन्या पँटमध्ये बस पकडलीस. गावाने एवढंच ठरवलं की भंतेंनी आईच्या आजाराचं खोटं सांगून संघाच्या पैशाची चोरी केली, आणि चोरी केलेल्याला या जन्मात पुन्हा चीवर मिळत नाही. थोरल्या भंतेंनी कुणाला काही म्हटलं नाही, पण त्यांनी ते खोडूनही काढलं नाही. आई चार महिने विहारात गेली नाही. मग वर्षभराने तुझी पहिली मनीऑर्डर आली, दोन हजार बाथ. मी म्हणाले, "पंखा घेऊया आई, किंवा तुझ्या गुडघ्याला चांगलं औषध." ती म्हणाली, "गाडी काढ." मी तिला मोटारसायकलवर मागे बसवून विहारात नेलं. तिने नोटा मास्तरांपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "खियातने नेलेल्या पन्नासातले हे दोन. अठ्ठेचाळीस राहिले." मी तिच्या मागे उभी होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पंचवीस महिने, खियात. महिन्याच्या पाच तारखेला मी तिला गाडीवरून न्यायची आणि ती तुझ्या घामाचे पैसे विहाराला परत करायची. स्वतः मिरचीच्या ठेच्यात आंबवलेला मासा कालवून चिकट भाताबरोबर खायची. "बाकी काय लागतं या वयात," म्हणायची. दरवेळी मी वाटेत ठरवायची की परत येताना सांगू. परत येताना ती माझ्या पाठीला डोकं टेकवून झोपायची, मग मी म्हणायची, झोपलीय, उद्या सांगू. पोरीचं लग्न ठरत होतं, म्हणून लग्नानंतर. कारणं शोधायला बसलं की ती कमी पडत नाहीत.

नोव्हेंबरात शेवटचे दोन हजार दिले. मास्तरांनी तिला पावती दिली, तिने ती पोलक्यात ठेवली आणि विचारलं, "आता फिटलं ना? आता त्याला परत घेतील?" मास्तरांनी वही मिटली. ते म्हणाले, "मावशी, ते पैशाने परत मिळत नाही हो." आई पारावर जरा टेकली. घरी आल्यावर म्हणाली, दमले. त्यानंतर ती दमलेलीच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. मी जो आजार रचला होता तोच नेमका तिला निघाला, आणि धापही लागायला लागली. ती मला म्हणायची, "तेव्हा त्याने खरंच माझ्यासाठी घेतले असते तर कामाला आले असते गं." मी तिच्या पायांना तेल चोळत होते. तरी मी बोलले नाही. यापुढे माझ्याबद्दल तुला काय वाटेल ते वाटू दे, मला त्यावर म्हणायला काही नाही.

आई गेली, खियात. वीस फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारची भांडी घासायला मी मागे गेले होते तेवढ्यात. परत आले तर पंखा तिच्या अंगावरून फिरत होता आणि तोंड जरा उघडं होतं, बस. त्रास झाला नाही. आदल्या दिवशी ती कच्च्या पपईची कोशिंबीर मागत होती आणि मी तिखट होईल म्हणून दिली नाही. मला तुला आधी कळवायला हवं होतं हे कळतंय. दोन आठवडे लावले, कारण मधे एक गोष्ट घडली आणि ती पुरी झाल्याशिवाय तुला लिहिण्यात अर्थ नव्हता.

तिला नीट नेसवून, उजवा हात बाहेर काढून ठेवला होता. गावातले एकेक येऊन हातावर अत्तराचं पाणी सोडत होते आणि नेहमीसारखं 'काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा' पुटपुटत होते. माझी पाळी आली. मीही तेच म्हणणार होते. पण तिचा तळहात पाहिला, त्यात पाणी साठून राहिलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, पन्नास हजार मी नेले. तुझा पोरगा चोर नाही. मी तुझ्या नावाने खोटं बोलले." मला वाटलं मी कुजबुजते आहे. माझ्यामागे पाण्याची वाटी घेऊन मास्तर उभे होते. वाटी त्यांच्या हातून पडली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पंचवीस वेळा आणलंस तू तिला माझ्यापुढे." एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी त्याच वेळी थोरल्या भंतेंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तो गप्प राहिला आणि मी त्याच्या गप्प राहण्याला चोरी समजलो. वय झालं म्हणजे अक्कल येते असं नाही." आणि म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकलं होतं त्यांना सांग." पुढच्या उपोसथाला मी सभागृहात उभी राहिले, मास्तरांनी माइक पुढे केला, आणि मी सगळं सांगितलं, डब्यापासून झाडापर्यंत. माझा आवाज लाउडस्पीकरवरून शेतापर्यंत गेला. बुआला मावशी माझ्यापासून उठून दुसरीकडे जाऊन बसली. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "चालल्या अध्यक्षीणबाई." माझी पोरगी माझ्याशी बोलत नाही. मी कारखान्यातल्या ज्या बायका सापडल्या त्यांनाही कळवलं. ती सफाईवाली म्हातारी आता तिथे नाही, तिचा पत्ता कुणालाच माहीत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. आईला अजून अग्नी दिलेला नाही. पेटी विहाराच्या मागच्या खोलीत आहे, रोज संध्याकाळी पाठ होतो, आणि थोरल्या भंतेंनीच सांगितलं की थांबा. दहन तेवीस मार्चला ठरलं आहे. आपल्याकडे आईच्या चितेपुढे मुलगा एक दिवस तरी चीवर घेतो, आणि तिला एकच मुलगा आहे. भंते म्हणाले, तू चोरी केलीच नव्हतीस, म्हणून चीवर तुला कधी बंद झालंच नव्हतं, ते आम्ही बंद समजून बसलो. तेवीसला सकाळी ते स्वतः तुझं मुंडण करतील. एक दिवसासाठी घे, नाहीतर पुढे राहा, त्यांनी काही अट घातलेली नाही. मी मागते ती माफी नाही, ती मला मिळू नये असं मलाच वाटतं. माझ्याकडे बघू नकोस, माझ्या हातचं जेवू नकोस, मी त्या दिवशी दूर तळ्याशी उभी राहीन. माझ्यावरचा राग तुझ्याजवळ ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. पण चिता माझी नाही रे, आईची आहे. तुझ्याशिवाय ती पेटवायला गावातला एकही माणूस तयार नाही. ये.

तुझीच, तोंड उघडायला जिने आई मरेपर्यंत वाट पाहिली ती,
लामदुअन ताई